तात्पुरतं नाव

“पण बुवा, ती फाईल मी उघडलीच नाही. मग उघडल्याचा दोष माझा कसा?”

 लिंबाजीबुवा मांडीवर पाण्याचा पाइप घेऊन त्याला पडलेलं भोक शोधत होते.

“तुम्ही ऐकताय ना?”

“ऐकतोय. पाइपात हात आहे माझा, कान नाही.”

 एवढा डोंगर चढून आलो, आणि हे पाइप घेऊन बसलेत, असं वैजनाथच्या मनात आलं. बुवांच्या मनात काय आलं ते बुवांनाच ठाऊक.

टेकडीच्या उतारावरचा तो मठ म्हणजे काही फार नव्हतं. पत्र्याची एक लांब खोली, समाधीचा ओटा, एक कडुनिंब आणि त्यापलीकडे भाजीचे वाफे. बुवाही काही चमत्कारी वगैरे नव्हते. अंगारा देत नसत, भविष्य सांगत नसत. गुडघे दुखायचे, दुपारची झोप लागायची नाही, आणि आलेल्या माणसाला चहा विचारायला ते हटकून विसरायचे. तरी माणसं यायची. सल्ला देणारे घरोघरी असतात, ऐकून घेणारा शोधायला टेकडी चढावी लागते.

वैजनाथ ढोबळे लहानपणी वडिलांचं बोट धरून इथे यायचा. वडील गेल्यावर एकटा येऊ लागला. खालच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचा कारखाना होता, तिथे तो संगणक विभागाचा प्रमुख होता. मागच्या खेपेला आला तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता, आणि पुडा ठेवायच्या आधीच पेढे कशाचे ते सांगून मोकळा झाला होता. आज हात रिकामे होते. डोळे खोल गेले होते, दाढी वाढली होती, आणि बसताना त्याने म्हाताऱ्यासारखा जमिनीला हात टेकला होता.

“झोप येत नाही, बुवा.”

“मलाही येत नाही.”

“तुमचं वय झालं.”

“तुझं काय झालं?”

...

वैजनाथने पायाजवळची एक काडी उचलली आणि तिचे तुकडे करायला लागला.

“पहिल्यापासून सांग,” बुवा म्हणाले. “मला त्यातलं काही कळत नाही असं धरून सांग.”

“तुम्हाला खरंच कळत नाही, बुवा.”

“मग धरायला सोपं.”

वैजनाथला हसू आलं नाही, पण सांगायला बळ आलं.

“आमच्या कारखान्याचे सगळे कागद बाहेर एका ठिकाणी ठेवलेत. बाहेर म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर, भाड्याने. पंपांची ड्रॉइंगं, बिलं, करारपत्रं, कामगारांचे दाखले, सगळं. ही आमची कोठी समजा. कोठीत पुष्कळ खोल्या. कुणाला कुठल्या खोलीत जाता येईल ते ठरलेलं. स्टोअरवाल्याला स्टोअरची खोली, हिशेबवाल्याला हिशेबाची.”

“बरं.”

“आणि माणसं रोज काम करतात ते वेगळ्या ठिकाणी. ते आमचं ऑफिसचं मोठं सॉफ्टवेअर. ऑर्डर, हजेरी, गिऱ्हाइकांच्या तक्रारी, सगळं त्याच्यावर चालतं. आता एखादा कागद लागला की हे बंद करा, कोठीत जा, शोधा, परत या. माणसं वैतागायची. मी काय केलं, दोन्ही जोडून दिलं. जिथे काम करता तिथेच शोधा, कागद कोठीतून समोर येईल. कागद जागचा हलत नाही, नुसती खिडकी पडते.”

“चांगलं केलंस.”

“सगळे तेच म्हणाले.”

हे खरं होतं. सगळे म्हणाले. मोठ्या साहेबांनी कँटीनमध्ये माणसं गोळा करून वैजनाथला शाल आणि नारळ दिला होता. मागच्या खेपेचे पेढे त्या सत्काराचेच होते.

“मग घोडं अडलं कुठे?”

वैजनाथने काडीचा शेवटचा तुकडा टाकला.

“जोडताना ते सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारतं, बुवा. कोठीत जाताना प्रत्येकाने आपापल्या नावाने जायचं, की सगळ्यांनी एकाच नावाने?”

बुवांचा हात थांबला.

“आपापल्या नावाने म्हटलं तर प्रत्येकाकडून एकदा आपलं नाव आणि पासवर्ड भरून घ्यावा लागतो. आमच्याकडे शेकड्याने माणसं. निम्म्यांना पासवर्ड आठवत नाही, उरलेल्यांनी तो दुसऱ्याला सांगितलेला असतो. दिवसभर फोन येणार. आणि साहेबांनी उद्घाटनाची तारीख ठरवून टाकलेली.”

“मग?”

“मग एकच नाव दिलं.”

“कुणाचं?”

“...माझं.”

“तुझंच का?”

“माझ्याकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या होत्या ना. म्हणजे काही अडणार नाही. तात्पुरतं म्हणून दिलं होतं. पुढे सावकाश बदलू म्हटलं.”

तात्पुरतं या शब्दाचं आपल्याकडे भारी आयुष्य असतं. रस्त्यावरचं तात्पुरतं वळण म्हातारं होतं, तात्पुरता मास्तर निवृत्त होतो, तात्पुरत्या पत्र्याखाली दोन पिढ्यांची लग्नं लागतात. वैजनाथचं तात्पुरतं नावही तसंच मजेत जगलं. कुणाला काही अडत नव्हतं, मग बदलायची घाई कुणाला?

आणि एक गोष्ट त्याने बुवांना सांगितली नाही, पण ती होती. कोठीच्या बाजूला कुणी काय उघडलं याची नोंद राहायची. तिथे दिवसभर एकच नाव उमटायचं. वैजनाथ ढोबळे, वैजनाथ ढोबळे, वैजनाथ ढोबळे. पहिल्या दिवसांत तो मुद्दाम ते बघत बसायचा. अख्खा कारखाना आपल्या नावाने चाललाय, हे बघून त्याला बरं वाटायचं. चहा पिता पिता बघायचा.

“मंदाकिनी इंगवले म्हणून एक बाई आहेत,” वैजनाथ म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “पंप तपासायच्या विभागात होत्या. हुशार. पंपाच्या नुसत्या आवाजावरून सांगायच्या, आत काय घासतंय ते. त्यांना पूर्वी फिट यायच्या. औषधाने थांबल्यात. नोकरीला लागताना त्यांनी डॉक्टरांचा दाखला दिला होता, तो आतल्या खोलीत होता. दोनच माणसांना बघता येईल अशी खोली.”

“आणि तू.”

“आणि मी.”

...

“कुणीतरी त्यांचं नाव टाकून शोधलं. हजेरी बघायची असेल, काय माहीत. माझ्या किल्लीने खोली उघडली, समोर दाखला आला. संध्याकाळपर्यंत कारखानाभर, सगळ्या शॉपमध्ये झालं. त्यांना तपासणीवरून काढून पॅकिंगला बसवलं. बायका डबा खायला लांब बसायला लागल्या. एक दिवस कुणीतरी त्यांच्या टेबलावर कांदा ठेवला.”

फिट आलेल्या माणसाच्या नाकाला कांदा लावतात. हे बुवांना सांगायला लागलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि पुष्कळ वेळ उघडले नाहीत.

“त्या रडल्या नाहीत. कांदा पर्समध्ये टाकला आणि घरी घेऊन गेल्या.”

“कळलं कसं, ते त्यांना माहीत आहे?”

“नाही. तेच तर.” वैजनाथने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “त्यांनी हे आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. कुंदा सुतार. त्यांच्याच शेजारी काम करायच्या. दोघी एका बसने यायच्या, एका डब्यात जेवायच्या. मंदाकिनीबाईंना वाटलं, हिनेच तोंड उघडलं. कुंदाबाईंनी शपथा घेतल्या, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. काही उपयोग नाही. मंदाकिनीबाई त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत. आणि आता शॉपमधलेही कुंदाबाईंशी बोलत नाहीत. मैत्रिणीची झाली नाही ती कुणाची होणार, असं म्हणतात. ज्यांनी कांदा ठेवला तेच म्हणतात. कुंदाबाईंनी राजीनामा दिलाय. शनिवारी जाणार.”

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” बुवा हळूच म्हणाले. “कुठेही बघा, आमचीच जात लटकते.”

वैजनाथ खाली बघत राहिला.

“तुला कधी कळलं?”

“मला वाटलं, बघावं तरी हा उद्योग कुणी केला. म्हटलं, सापडला की धरून साहेबांपुढे उभा करतो. त्या दाखल्याची नोंद काढली. कुणी उघडला, किती वाजता. एकच नाव दिलेलं मी विसरूनच गेलो होतो. नोंदीत माझं नाव.”

“तुझं?”

“मी उघडला नव्हता, बुवा. पण नोंदीत मीच. आणि खरा माणूस आता ब्रह्मदेवालासुद्धा सापडायचा नाही.”

“मग काय केलंस?”

“त्याच आठवड्यात सगळं बदललं. आता प्रत्येक जण आपल्या नावाने जातो. ज्याला जेवढं दिसायला पाहिजे तेवढंच दिसतं. कुणाला काही कळलं नाही. सुरक्षा वाढवली म्हणून साहेबांनी कौतुकच केलं. आता आमच्या बाकीच्या कारखान्यांचं काम माझ्याकडे द्यायचं चाललंय.”

“आणि त्या दोघी?”

वैजनाथने वर झाडाकडे बघितलं.

वाऱ्याने कडुनिंबाची पिवळी पानं खाली येत होती. माघ संपत आला होता, आणि दुपारचं ऊन चटके द्यायला लागलं होतं. वैजनाथला एकदम फार थकल्यासारखं झालं. इथेच पालथं पडावं आणि कुणी उठवूच नये, असं त्याला वाटलं.

“म्हणून आलो,” तो शेवटी म्हणाला. “काहीतरी प्रायश्चित्त सांगा. उपास सांगा, जप सांगा. अन्नदान करायला लावा. एखादं अवघड अनुष्ठान असलं तरी करतो. पण हे डोक्यावरून उतरू दे.”

बुवांनी सुस्कारा टाकला. आयुष्यभर माणसं त्यांच्याकडे अशीच येत आली होती. ज्याच्याशी बोलायचं त्याला सोडून सगळी देवाशी बोलायला तयार. आणि देवापर्यंत जायचा रस्ता म्हणे या पत्र्याच्या खोलीवरून जातो.

“दाखल्याचं प्रायश्चित्त पाहिजे तुला? पण तो तू उघडलाच नाहीस म्हणतोस.”

“नाही उघडला.”

“मग प्रायश्चित्त कशाचं?”



बुवांनी पाइप बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात रोवून ते कण्हत उठले.

“तुझ्या चपला दे जरा.”

“माझ्या?”

“माझ्या कुठे ठेवल्यात देव जाणे. नळ बंद करून येतो.”

वैजनाथने चपला पुढे सरकवल्या. जाड तळाच्या, शहरातल्या दुकानातल्या. बुवांना त्या मोठ्या होत होत्या. फटक फटक करत ते वाफ्यांकडे निघाले.

नळाकडे जायला वाफ्यांच्या कडेने चांगला रुंद बांध होता. बुवा बांधावर चढलेच नाहीत. सकाळीच पाणी दिलेल्या मेथीच्या वाफ्यात त्यांनी सरळ पाय घातला.

“बुवा, बांधावरून...”

बुवांना ऐकू गेलं नसावं. कोवळी मेथी, बोटभर वाढलेली, तिच्या मधोमध ते एकेक पाऊल दाबून टाकत गेले. नळ बंद केला. आणि त्याच वाटेने परत आले.

चपला वैजनाथच्या समोर काढून ठेवल्या. चिखलाने भरलेल्या. मग खाली बसून त्यांनी पाइप पुन्हा मांडीवर घेतला आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी त्याच्याभोवती गुंडाळायला लागले.

वैजनाथ त्यांच्याकडे बघत राहिला. म्हातारपणाने डोकं फिरलं की काय, असंही त्याला क्षणभर वाटलं.

“बुवा...”

“पट्टीचं टोक धर.”

त्याने धरलं.

मठाची भाजी पारूआत्या बघायच्या. बुवांच्या चुलत बहीण. नवरा गेल्यावर इथे आल्या त्या इथल्याच झाल्या. वाफा हा त्यांचा जीव आणि जीभ ही त्यांची विळी. भाकरीची परात धुऊन त्या मागच्या दाराने बाहेर आल्या आणि मेथीपाशी येऊन थबकल्या.

“आरं कर्मा. कोन नाचलं रं हितं?”

बुवांनी दोऱ्याचा गुंडा उचलला.

“सकाळी पानी पाजलं लेकराला पाजावं तसं, आन ही गत?” आत्यांनी वाकून बघितलं, पण त्यांना फार बघायचं नव्हतंच. त्यांचं ठरलं होतं. “रंगराव. दुसरं कोन? शंबरदा सांगितलं बाबाला, तुज्या रानात जायाला वाट देतो, पन बांधावरनं जा. न्हाई. सायबाला मधनंच जायाचं असतंय.”

रंगराव पलीकडच्या रानाचा मालक. मठाला रोजचं दूध त्याच्या गोठ्यातून यायचं, तेही कधी पैसे न घेता. या क्षणी तो कुंपणापलीकडे म्हशींना वैरण टाकत होता, आणि आपल्यावर काय येतंय याची त्याला काही कल्पना नव्हती.

आत्यांनी पदर खोचला. “आजपास्नं वाट बंद त्याची. आन दूध बी नको त्याचं. बिनदुधाचा चा प्यू आमी.”

त्या कुंपणाकडे निघाल्या.

वैजनाथने बुवांकडे बघितलं. बुवा पट्टीवर दोरा आवळत होते. दोऱ्याचं टोक त्यांनी दातात धरलं होतं, त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं, किंवा बोलता येऊ नये म्हणूनच त्यांनी ते दातात धरलं होतं.

काय सांगायचं? वाफ्यातून बुवा चालले, असं? गुरूकडे बोट दाखवायचं?

नाहीतर गप्प बसावं. आपला काय संबंध. रंगरावचं आणि आत्यांचं कुठेतरी बिनसायचंच होतं, दोघं तोंडाने फटकळ. चार दिवस भांडतील आणि मिटवतील...

आणि वैजनाथला आपलाच आवाज ऐकू आला. अगदी हेच त्याने कुंदाबाईंबद्दल स्वतःला सांगितलं होतं. त्यांना घर लांब पडतं, त्या कधीतरी नोकरी सोडणारच होत्या. बायकांची भांडणं, आज आहेत उद्या नाहीत. रोज बिछान्यावर पडल्यावर तो हेच सांगायचा, आणि म्हणूनच झोप यायची नाही.



“आत्या,” त्याने हाक मारली. “आत्या, थांबा.”

आत्या वळल्या.

“चपला माझ्या आहेत.”

आत्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्यापुढच्या चिखलाने माखलेल्या चपलांकडे. कुंपणाकडे निघालेला सगळा राग त्यांनी माघारी आणला.

“मग आत्तापत्तोर काय मिठाची गुळणी धरली हुतीस? त्या गरिबाला मी आता शिव्या घातल्या असत्या.”

“चुकलं.”

“शिकलासवरलेला मानूस तू. बांध दिसत न्हाई?”

“दिसतो.”

“मग ऊठ. खुरपं घे. माती मोकळी कर आन रोपं उभी कर. जी मोडली ती मोडली.”

“आणि बुवा,” त्या जाता जाता म्हणाल्या, “तुमी काय करत हुता बसून?”

बुवांनी दातातला दोरा काढला.

“मी चालत होतो.”

“हां, चालत हुता. गुडघ्यानं खाट धरलीय आन चालत हुता म्हनं.” आत्या करवादत आत गेल्या.

वैजनाथ अनवाणी वाफ्यात उतरला. खुरप्याने दबलेली माती हळूहळू उकरली. चिखलात रुतलेली एकेक काडी सोडवून उभी केली. काही उभी राहिली, काही हात काढला की पुन्हा आडवी. मोडलेल्या काड्यांना आधार देऊनही काही होत नव्हतं. त्या तशाच सोडाव्या लागल्या. ऊन पाठीला लागत होतं. कंबर भरून आली. पण कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या डोक्यात दुसरं काही चाललेलं नव्हतं.

हात धुऊन तो परत झाडाखाली आला, तेव्हा बुवांचा पाइप बांधून झाला होता.

“वाफ्यातून चाललात तुम्ही, बुवा,” तो म्हणाला. तक्रार नव्हती, नुसतं म्हणाला.

“हो.”

“आणि बोलणी मी खाल्ली.”

“चपला तुझ्या होत्या.”

“पण पाय तुमचे होते ना?”

“माझ्या पायांचं मी बघीन. कधीतरी ती मला विचारील, नाहीतर वरचा विचारील.” बुवांनी पाइप फुंकून बघितला. हवा कुठून निसटत नव्हती. “ज्याने तो दाखला बघितला आणि गावभर केला, त्याचं तो बघेल. ते ओझं तू आणलंयस कशाला एवढ्या उन्हात?”

...

“दमलास म्हणतोस,” बुवा म्हणाले. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. “का दमणार नाहीस? अख्खा कारखाना तुझ्या पायांनी चालला की रे.”

 वैजनाथने मान फिरवली आणि खालच्या वसाहतीतल्या पत्र्यांकडे बघत राहिला. त्याला रडायचं नव्हतं, तरी डोळ्यांतून पाणी आलं. बुवांनी ते बघितलं नाही असं दाखवलं.

“आत्यांना सांगायला एक वाक्य लागलं,” काही वेळाने तो म्हणाला.

“एवढंच लागतं. माणूस त्याच्याभोवती उपास गुंडाळतो.”

“नोकरी जाईल.”

“जाईल. किंवा नाही जाणार.”

“मंदाकिनीबाई तोंडावर थुंकतील माझ्या.”

“थुंकतील.”

“झालेलं काही परत येणार नाही. त्यांचं ते सगळ्यांना कळलं ते कळलंच.”

“नाही येणार परत,” बुवा म्हणाले, आणि त्यांनी वाफ्याकडे बघितलं. तिथे मधली पट्टी उघडीबोडकीच दिसत होती.

वैजनाथने चपला हातात घेतल्या, एकमेकींवर आपटल्या. वाळलेले पोपडे पडले, ओला चिखल तसाच राहिला. त्याने त्या तशाच पायात घातल्या. अंगात थोडं बळ आल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि बळ आलं की वैजनाथचं डोकं भराभर कामाला लागायचं.

“आज संध्याकाळीच जातो, बुवा. आधी मंदाकिनीबाईंच्या घरी. सगळं सांगतो, काही लपवत नाही. उद्या सकाळी साहेबांपुढे. शॉपमध्ये सगळ्यांसमोर सांगायला लागलं तर सांगतो. कांदा ज्याने ठेवला तोही ऐकेल.”

“बरं.”

“मग शनिवारच्या आत कुंदाबाईंकडे जातो.”

बुवांनी वर बघितलं.

“नाही, म्हणजे मंदाकिनीबाईंना कसं जाता येईल? एवढं बोलल्यात त्या त्यांना, मुलाच्या शपथेवरसुद्धा विश्वास ठेवला नाही. कुठल्या तोंडाने जातील? त्यांना फार अवघड होईल. मीच जातो त्यांच्या वतीने. म्हणतो, मंदाकिनीबाईंचा गैरसमज झाला होता, त्यांनी माफी मागितलीय. सगळं नीट समजावतो. माझ्यामुळे तुटलंय ना, मग मीच जोडून देतो दोघींना.”

बोलता बोलता त्याची मान सरळ झाली होती. कँटीनमध्ये शाल घेताना झाली असेल, तशीच. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

बुवा त्याच्याकडे बघत राहिले.  त्यांचा चेहरा फार दमलेला दिसत होता.

...

“वैजू,” ते म्हणाले. वडील असताना बुवा त्याला याच नावाने हाक मारायचे. “तुझं सांगून झालं की तिथून ऊठ. कुंदाच्या दाराशी मंदाकिनीला तिच्या स्वतःच्या नावाने जाऊ दे.”